शेवटच्या बाकावरच्या वाती

देवकाआत्यांचा हात थांबला.

शिकवता शिकवता माझी नजर सहज शेवटच्या बाकाकडं गेली होती. पावसाळ्यापासून एकदाही न थांबलेला तो हात कापसावर तसाच धरून राहिला होता.

त्या दिवशी आम्ही दुखण्याचा धडा घेत होतो. आमच्या विद्यापीठात फ्रेंचच्या पहिल्या वर्षाला हा धडा दिवाळीनंतर येतो. मी विचारायचं, "ऊ आव्हे-व्हू माल?" तुम्हांला कुठं दुखतं? मग एकेकानं उठायचं आणि अंगाला हात लावून सांगायचं. वर्गाची रीत अशी होती की मराठी बाहेर ठेवायची, चपलांसारखी. पहिल्याच दिवशी ज्यानं त्यानं एक फ्रेंच नाव घ्यायचं. आणि एकानं म्हटलेलं वाक्य साऱ्यांनी मिळून म्हणायचं, भुलाबाईच्या गाण्यासारखं. पुस्तकं महाग होती, आणि कानानं शिकलेलं विसरत नाही असा माझा विश्वास होता.

औषधाच्या दुकानात काम करणारा ढोके उठला. गालावर हात ठेवून म्हणाला, "जे माल ओ दाँ." दात दुखतात.

"जे माल ओ दाँ!" वर्ग ओरडला.

"मग खर्रा सोडा ना, मोसिय," मागून कुणीतरी म्हणालं.

"मराठी बाहेर!" मी म्हटलं, पण हसू मलाही आलं.

मग वनिता उठली. वर्गातलं तिचं नाव क्लेर. आवाज इतका हलका, की पुढच्या बाकांना मान वळवावी लागली.

"जे माल ओ दो." पाठ दुखते.

वर्गानं म्हटलं.

"जे माल ओ कू." मान दुखते.

वर्गानं तेही म्हटलं. ती आता बसेल असं मला वाटलं. पण तिनं स्वेटरची बाही मुठीपर्यंत ओढून घेतली, माझ्याकडं सरळ बघितलं आणि दोनच शब्द बोलली, "मों मारी." माझा नवरा.

तेवढं मात्र वर्गानं म्हटलं नाही.

आणि तेव्हाच देवकाआत्यांचा हात थांबला. क्षणभरच. मी घाईघाईनं "बसा, क्लेर, छान" असं काहीतरी पुटपुटले. मागं तो हात पुन्हा वळू लागला होता. मला वाटलं, पेळू तुटला असेल.

देवकाआत्या म्हणजे वनिताच्या नवऱ्याची सख्खी आत्या. लग्न होऊन त्या सासरी गेल्या होत्या म्हणे, पण कधीतरी परत आल्या, आणि भावाचं घर, भावाचा मुलगा, भावाच्या कपाटाच्या किल्ल्या सगळं त्यांनीच सांभाळलं. मुलगा म्हणजे निरंजन. तो फ्रान्समध्ये लियोंला एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर होता. लग्नाला आला, दोन महिने राहिला, परत गेला; वनिताचं दुखणं त्या दोन महिन्यांतलं. वनिताची कागदपत्रं झाली की हिवाळ्यात येऊन तिला घेऊन जाणार होता. तिनं तोवर भाषा शिकावी ही त्याचीच इच्छा. आणि तिनं एकटीनं घराबाहेर पडू नये, हीसुद्धा त्याचीच.

पहिल्या दिवशी आत्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. ठसठशीत बांधा, नाकात मुरणी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"मॅडम, आमच्या घरची पोट्टी एकटी जात-येत नाई. मी मांगं बसून राईन."

"आत्याबाई, दोन-दोन तास कंटाळाल हो. सगळं फ्रेंचमध्येच चालतं."

"लाख वातींचा नेम हाय माहा. इथं वळल्या काय नं घरी वळल्या काय. तुमी शिकवा. मले का समजते!"

तेव्हापासून शेवटचा बाक त्यांचा झाला. वनिता पाणी प्यायला उठली तर आत्या उठत. वनिता मोरीकडं गेली तर आत्या दाराशी. माझ्याशी तिचं एक वाक्य एकटीनं कधी झालं नाही. तास सुरू व्हायच्या आधी व्हरांड्यात बसून आत्या पुटपुटत, आणि ती ओवी माझ्या कानात अजून आहे.

वात वळता वळता, सूत लांबलं लांबलं
लेक निंगाली निंगाली, दार कुनी गं लावलं

ओवी कानावर पडायची, पण मी कधी तिच्याकडं लक्ष दिलं नव्हतं.

दुखण्याच्या धड्यानंतर मला झोप येईना. मी तेव्हा नवी होते, तासांवर नेमलेली, आणि स्वभावानंच भित्री. मोठ्यानं बोलणाऱ्या माणसासमोर माझे तळहात ओले होत. पुढच्या तासाला मी धडा बदलला. 'माझं घर' घेतला. सगळ्यांना सांगितलं, आपापल्या घराबद्दल बोला, साधी साधी वाक्यं. ढोकेच्या घरात एक मांजर निघाली, आणखी कुणाच्या घरात भांडखोर भाडेकरू. वर्ग हसत होता. मी वनिताची वाट बघत होते.

"माझ्या घरात एक खोली आहे," ती फ्रेंचमध्ये म्हणाली. "ला पोर्त ए फॅर्मे."

दार बंद आहे. वर्गानं म्हटलं.

"ला क्ले ए शे मा ताँत." किल्ली आत्याकडं आहे.

वर्गानं म्हटलं. इतक्या जणांनी ते एका सुरात म्हटलं, आणि शेवटच्या बाकावर कमरेचा जुडगा खुळकन वाजला. आत्या नुसत्या बसल्या जागी सरकल्या होत्या.

"तुमचे वडील?" मी विचारलं. आवाज शिक्षिकेचा ठेवायचा प्रयत्न करत होते.

"मों पॅर दी नों." माझे वडील नाही म्हणतात.

"आणि... फ्रान्स? तुम्हांला फ्रान्सला जायचंय?"

तिला शब्द सापडेना. तिच्याजवळ होतेच किती शब्द! आठवडाभराचे वार, फळांची नावं, रंग, शरीर, घर. त्यातून तिनं हुडकून काढला.

"जे पर," ती म्हणाली. मला भीती वाटते. मग बोटानं खाली जमीन दाखवून, त्याच भाषेत, "इथं आत्या आहे. तिथं... कुणी नाही."

मी खडू हातात घेऊन फळ्याकडं तोंड केलं.

उर्दू विभागात शाहीन होती, माझी एकुलती मैत्रीण. तिच्याजवळ लूना होती आणि भीती नावाची गोष्ट नव्हती. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझी ताई भोपाळला आहे ना? शिवणाचे वर्ग चालवते, चार मुली तिच्याकडं राहतात. मग पाचवी. स्टेशनवर सोडायचं काम माझं."

"पण तिला सांगायचं कसं? आत्या बाजूला हलत नाही."

"अगं, तुमच्या त्या फ्रेंचमध्ये सांग ना. त्या बाईला काय कळणार आहे?"

आणि तसंच केलं. तोंडी परीक्षा शनिवारी होती. ती व्हरांड्याच्या टोकाच्या माझ्या लहान खोलीत व्हायची, एकेकाला आत बोलावून. आत परीक्षार्थी सोडून कुणी येत नाही, हा नियम. त्या खोलीला दोन दारं होती. एक व्हरांड्यात उघडणारं, आणि एक मागं, कडुनिंबाकडं, ज्याची कडी कधी कुणी काढत नसे. मी 'स्टेशनवर' नावाचा संवाद रचला आणि वर्गाला शिकवला. एवढ्या सगळ्या लोकांसमोर, भर दुपारी, आम्ही दोघी उघड्यावर कुजबुजत होतो.

"सामदी," मी म्हटलं. शनिवारी.

"सामदी!"

"दोन दारं आहेत. एक दार बंद आहे. एक दार, ला पोर्त ए उव्हॅर्त, उघडं आहे."

वर्गानं म्हटलं. वनिताचे ओठ हलले, डोळे हलले नाहीत.

"माझी मैत्रीण स्टेशनवर नेते. ऊ आले-व्हू, क्लेर?" कुठं जाता तुम्ही?

तिला कळायला एक श्वास लागला. मीच उत्तर पुरवलं. "ज व्हे शे मा सर." मी माझ्या बहिणीकडं जाते.

"ज व्हे शे मा सर," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला.

"ज व्हे शे मा सर!" वर्गानं म्हटलं.

मी मागं बघितलं. हात थांबला होता.

या वेळी क्षणभर नाही. अर्धी वळलेली वात दोन बोटांत धरलेली, मान किंचित कललेली, जसं कुणी दळताना शेजारणीची ओवी ऐकून घेतं तसं. नजर माझ्यावर. मी फळा पुसू लागले. पुसून झालेला फळा पुन्हा पुसला.

तास सुटल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"मॅडम."

"अं?"

"शनिवारची परीक्षा कठीण असते का?"

"नाही... म्हणजे, साधे प्रश्न असतात. शिकवलेलेच."

"शिकवलेलेच नं? मग झालं." आणि वनिताच्या दंडाला धरून त्या गेल्या.

दोन रात्री मी तेच वाक्य उलटंपालटं करत राहिले. शाहीन म्हणाली, "वेडी आहेस. सहज विचारलं असेल." पण त्यांनी शनिवार म्हटलं होतं. शनिवार त्यांना वनितानं सांगितला असेल. की वर्गानं?

शनिवारी दुपारी व्हरांड्यात आत्या होत्या, वनिता होती, आणि त्यांच्यामध्ये निळा कोट घातलेला, हसतमुख, उंच माणूस उभा होता.

"बाँझूर, मादाम," तो म्हणाला. उच्चार अगदी तिथल्यासारखा. "मी निरंजन. रजा लवकर मिळाली, परवाच पोचलो. म्हटलं, बायको काय शिकली ते ऐकावं. मी आत बसलो तर चालेल?"

माझे तळहात ओले झाले. वनिताचा चेहरा पांढरा होता, ओठांच्या कोपऱ्यावर एक ताजी चीर. परवाच पोचला होता.

"परीक्षेला बाहेरच्यांना... परवानगी नसते."

"बरोबर आहे. नियम म्हणजे नियम." तो आणखी हसला. "मग मी दाराशी उभा राहतो. ऐकू तर येईल?"

ज्या भाषेत आम्ही लपलो होतो, ती भाषा आता आमच्यापेक्षा त्याची होती.

ढोके, मग आणखी दोघं येऊन गेले. मी काय विचारलं, त्यांनी काय सांगितलं, मला आठवत नाही. मग मी नाव पुकारलं. वनिता आत आली, मी दार लावून घेतलं, कडी घातली. आम्ही बोललो नाही. मागच्या दाराच्या कडीला मी सकाळीच तेल घालून ठेवलं होतं. ती सरकली. निंबाखाली शाहीनची ओढणी दिसली. वनितानं माझा हात एकदा घट्ट दाबला, चपला हातात घेतल्या आणि गेली.

मी खुर्चीवर येऊन बसले. समोरची खुर्ची रिकामी.

"कॉमाँ व्हू-झापले-व्हू?" मी मोठ्यानं विचारलं. तुमचं नाव काय?

रिकामी खुर्ची काय बोलणार? मी आवाज बदलून उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण वनिताचा तो हलका आवाज मला जमेना. बाहेर बुटांचा आवाज दाराच्या अगदी जवळ आला.

"मादाम? बोलत नाही का ती?"

"ऊ... ऊ आबिते-व्हू?" मी विचारलं. कुठं राहता?

मागच्या उघड्या दारातून लूना सुरू होत असल्याचा आवाज येऊ लागला. एक किक. दुसरी. सुरू होईना.

"वनिता!" तो दारावर थापटला. हसू संपलं होतं. "दार उघडा मॅडम."

"काय धिंगाना लावला बावा?" हा आत्यांचा आवाज. "पोट्टी भ्याली असंन, घेरी-बिरी आली असंन. बाईमानसाचं कायतरी असंन. तू बाजूले हो, मी पायते. मॅडम, मी हाय. उघडा."

उघडलं नाही तर तो दार तोडणार होता. उघडलं तर रिकामी खुर्ची. मी कडी काढली. आत्या फटीएवढ्याच दारातून आत आल्या आणि पाठीनं दार लावून कडी घातली.

त्यांनी खुर्ची पाहिली. मागचं दार पाहिलं. मग मला पाहिलं.

मी हात जोडले. तेवढंच सुचलं. त्या मागच्या दाराकडं चालत गेल्या, कमरेचा जुडगा एका मुठीत गच्च धरून, म्हणजे वाजू नये. आता ओरडतील, मला वाटलं. निंबाखालून लूना अखेर सुरू झाली, आणि आत्यांनी ते दार आवाज न करता लोटलं, कडी सरकवली, बाहेरचा आवाज बाहेर ठेवला. परत आल्या. रिकाम्या खुर्चीवर बसल्या. पदर तोंडावर ओढून घेतला. पिशवीतून कापूस काढला.

आणि हात वळू लागला.

"ज माप्पॅल क्लेर," त्या म्हणाल्या. हलक्या, बारीक आवाजात. जसा वर्गात वनिताचा असायचा.

मी बघतच राहिले. त्यांनी मान हलवली. विचारा नं, म्हणाल्यासारखी.

"ऊ आबिते-व्हू?"

"जाबित आ नागपूर."

दाराबाहेरचे बूट शांत झाले. परक्या भाषेत कुणाचाही आवाज परकाच वाटतो, आणि आत्याच्या तोंडी फ्रेंच असेल हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. मी विचारत गेले. वार विचारले, त्यांनी सोमवारपासून रविवारपर्यंत ओवीच्या ठेक्यावर म्हटले. रंग विचारले. फळं विचारली. हात वळत होता, वाती पडत होत्या, आणि लूना आता रेल्वे पुलापर्यंत गेली असेल, आता पलीकडं, असं मी मनात चालवत होते. प्रश्न संपू द्यायचे नव्हते.

"ऊ आव्हे-व्हू माल?" सवयीनं तोंडातून गेलं. कुठं दुखतं?

हात थांबला.

"जे माल ओ दो," त्या म्हणाल्या, आणि पाठीला हात लावला. "जे माल ओ कू." मानेला हात लावला. तिथून पदर सरकला. कानामागून खाली उतरलेली जुनी, पांढरी पडलेली भाजल्याची खूण होती. मग पुढचे दोन शब्द नुसत्या ओठांनी, आवाजाशिवाय. मों मारी. थोडं थांबून आणखी दोन, तसेच. मों फ्रॅर. माझा नवरा. माझा भाऊ.

मी समजले नाही असं त्यांना वाटलं असावं. पुढं वाकून माझ्या कानाशी मराठीत म्हणाल्या, "मी पळून आली तं भावानं परत नेऊन घातलं. दोनदा."

भाऊ म्हणजे निरंजनचे वडील.

मी शेवटचा प्रश्न विचारला, कारण तो नेहमी शेवटी असतो. "ऊ आले-व्हू?"

या वेळी त्या जरा मोठ्यानं बोलल्या. "ज व्हे शे मा सर." मी माझ्या बहिणीकडं जाते.

मग उठल्या, वाती पिशवीत भरल्या, पदर नीट केला आणि स्वतःच दार उघडलं.

निरंजननं आत डोकावून बघितलं. रिकामी खुर्ची, बंद मागचं दार, मी. त्याला उमगायला वेळ लागला. मग त्याचा चेहरा बघवेना.

"कुठंय ती?"

"परीक्षा झाली तिची. गेली," आत्या म्हणाल्या.

"कुठं गेली, आत्या?"

"मले का समजते!"

त्यानं त्यांचा दंड धरला. दुसरा हात वर गेला. आत्या जागच्या हलल्या नाहीत, डोळेही मिटले नाहीत. त्या मारासाठी त्या फार वर्षांपासून उभ्या असल्यासारख्या. मी त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. माझ्यामागं ढोके आला, आणखी कोण कोण, परीक्षा होऊनही घरी न गेलेले आणि आपल्या पाळीची वाट बघणारे, सगळा वर्ग.

"मोसिय," ढोके म्हणाला. "हात खाली घ्या."

हात खाली आला. "घरी या तुम्ही," तो आत्याला दातांतून म्हणाला, "मग बघतो." आणि व्हरांड्यातून बूट वाजवत निघून गेला.

ढोकेनं आमच्यासाठी चहा आणला. आत्या पायरीवर बसून बशीतून प्यायल्या. लांबून गाडीची शिट्टी आली. कुठल्या गाडीची कोण जाणे, पण आम्ही दोघींनी माना वर केल्या. मग त्यांनी कमरेचा जुडगा सोडला आणि पायरीवर ठेवला. तो पुन्हा उचलला नाही.

ऊन निंबाच्या मागं गेलं होतं. त्यांना आता ते घर नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"आत्याबाई," मी विचारलं, "आता कुठं जाल हो?"

त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं, मंद विद्यार्थ्याकडं बघावं तसं बघितलं.

"सांगतलं नं, बाई. परीक्षेत."